लघवीतले पर्क्लोरेट आयन क्रोमॅटोग्राफीने कसे मोजावे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एका लिटर लघवीत क्लोराइड काही ग्रॅम असते, सल्फेट एक-दोन ग्रॅम, आणि पर्क्लोरेट जेमतेम काही मायक्रोग्रॅम. तुम्हाला जो आयन मोजायचा आहे त्याच्या दहा लाख पट मीठ त्याच बाटलीत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीतून निघाल्या आहेत. मशीन कितीही महाग असले तरी मीठ वेळेत बाजूला काढले नाही, किंवा लॅबमधूनच पर्क्लोरेट नमुन्यात शिरले, तर पडद्यावर सुबक पीक (आलेखातला उंचवटा) दिसेल आणि आकडा खोटा असेल.

पर्क्लोरेट मोजण्याचे कारण थायरॉइड. थायरॉइडच्या पेशी आयोडाइड आत ओढून घेण्यासाठी सोडियम-आयोडाइड वाहक प्रथिन वापरतात आणि पर्क्लोरेट त्याच वाहकाला अडवते. ते रॉकेटच्या घन इंधनात आणि फटाक्यांत असते, काही ठिकाणी निसर्गतःही सापडते. पाण्यातून आणि अन्नातून शरीरात आलेले पर्क्लोरेट जवळजवळ न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. शरीरातला त्याचा अर्धायुकाल सुमारे आठ तास आहे. त्यामुळे एका वेळची लघवी फार तर मागच्या दिवसाचा हिशेब देते, महिन्याचा नाही. अभ्यास आखतानाच हे लक्षात घ्या.

खालची पद्धत सप्रेसर बसवलेले आयन क्रोमॅटोग्राफ (कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून आयन एकामागून एक वेगळे काढणारे मशीन) आणि त्याला जोडलेले ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून आयन ओळखणारे मशीन) धरून लिहिली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नुसता कंडक्टिव्हिटी डिटेक्टर चालतो, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ३१४.० ही पद्धत तशीच आहे. पण लघवीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. कंडक्टिव्हिटीला कोणता आयन आला ते कळत नाही, फक्त काहीतरी आले एवढेच कळते.

सुरुवात करण्याआधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रे:
- नैतिकता समितीची मंजुरी आणि नमुना देणाऱ्यांची लेखी संमती
- सांकेतिक क्रमांकांची नोंदवही (बाटलीवर नाव नको)
- स्टँडर्डची (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांची) प्रमाणपत्रे, लॉट क्रमांक आणि मुदतीसह
- कॉलमची वही: किती इंजेक्शने झाली, दाब किती, रिटेन्शन टाइम (आयन कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) किती

साहित्य:
- १८.२ मेगओहम-सेंटिमीटर रोधकतेचे ताजे पाणी
- पर्क्लोरेटचे १००० मिलिग्रॅम प्रति लिटर प्रमाणित द्रावण
- ऑक्सिजन-१८ ने चिन्हांकित केलेले पर्क्लोरेट, म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात सारखेच घालायचे, तुलनेसाठी)
- पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, नळ्या आणि व्हायल. काच शक्यतो नको
- ०.२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर
- पर्क्लोरेटसारखे घट्ट चिकटणारे आयन लवकर सोडणारा जलस्नेही कॉलम, उदाहरणार्थ आयनपॅक एएस१६, २ × २५० मिमी, त्याच्या आधी बसणाऱ्या संरक्षक गार्ड कॉलमसह
- लघवीचे प्रमाणित संदर्भ द्रव्य. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचे एसआरएम ३६६८ यासाठी आहे, त्यात पर्क्लोरेटची प्रमाणित मूल्ये दिलेली असतात

१. आधी लॅब तपासा, मग नमुने मागवा

बहुतेक जण ही पायरी शेवटी करतात, म्हणजे ब्लँकमध्ये (नमुन्याऐवजी चालवलेल्या शुद्ध पाण्यात) पीक आल्यावर. तेव्हा निम्मे नमुने वाया गेलेले असतात.

पर्क्लोरेट कुठून शिरते ते पाहा. त्याच खोलीत कोणी पर्क्लोरिक आम्लाने प्रथिने खाली बसवत असेल किंवा नमुने जिरवत असेल, तर तुमचे काम दुसऱ्या खोलीत हलवा. शेजारच्या एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीच्या मशीनवर) सोडियम पर्क्लोरेटचे बफर वापरत असतील तर त्यांच्या बाटल्या, मोजपात्रे आणि ऑटोसॅम्पलरच्या सुया तुमच्याकडे येऊ देऊ नका. काही डिटर्जंटमध्येही ते असते. म्हणून भांडी डिटर्जंटने धुऊच नका. नवी प्लास्टिकची भांडी शुद्ध पाण्याने पाच वेळा खळबळून वापरा.

सगळ्यात फसवा स्रोत म्हणजे ब्लीच. सोडियम हायपोक्लोराइट साठवणीत हळूहळू विघटित होते, तेव्हा त्यात क्लोरेट आणि पर्क्लोरेट तयार होते. जैविक नमुने हाताळणारी माणसे सवयीने टेबल ब्लीचने पुसतात. या कामाचे टेबल ७० टक्के इथेनॉलने पुसा, आणि सफाई करणाऱ्यांनाही हे समजावून सांगा.

आता सगळ्या साहित्यातून शुद्ध पाणी फिरवा: नमुन्याच्या बाटलीत दोन तास ठेवा, पिपेट करा, फिल्टर करा, व्हायलमध्ये भरा आणि इंजेक्ट करा. असे निदान सात ब्लँक चालवा. साहित्याचा प्रत्येक नवा लॉट आला की हीच चाचणी पुन्हा.

२. नमुना घेणे आणि साठवणे

लघवी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्या आणि कोणतेही परिरक्षक घालू नका. नायट्रिक आम्लाने नायट्रेटचा डोंगर उभा राहतो, हायड्रोक्लोरिक आम्लाने क्लोराइडचा. पर्क्लोरेट रासायनिकदृष्ट्या स्थिर आहे, पण ऑक्सिजन संपला की काही जिवाणू त्याचे क्लोराइड करून टाकतात. म्हणून बाटली काठोकाठ भरू नका, वर एक तृतीयांश जागा हवेसाठी ठेवा. लगेच थंड करा आणि शक्य तितक्या लवकर उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गोठवा. मोकळी जागा गोठताना फुगणाऱ्या द्रवासाठीही लागतेच.

गोठवण्याआधी दोन भाग करा: एक पर्क्लोरेटसाठी, एक क्रिएटिनिनसाठी (लघवी किती दाट-पातळ ते त्यावरून कळते). नंतर तोच नमुना पुन्हा वितळवावा लागत नाही.

ज्या ठिकाणी नमुने घेता तिथे रोज एका बाटलीत शुद्ध पाणी ओतून तीही नमुन्यांसोबत गोठवा. बाटली, झाकण, प्रवास, फ्रीझर या सगळ्यांची साक्ष हा एकच ब्लँक देतो.

३. स्टँडर्ड बनवणे

प्रमाणित द्रावण विकत घेणे उत्तम. मिठापासून बनवायचेच असेल तर बाटलीवरचे लेबल दोनदा वाचा. निर्जल सोडियम पर्क्लोरेट असेल तर १.२३१ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवल्यावर १००० मिलिग्रॅम प्रति लिटर पर्क्लोरेट मिळते. मोनोहायड्रेट असेल तर १.४१२ ग्रॅम लागते. ही गल्लत झाली की सगळे निकाल जवळपास १५ टक्क्यांनी चुकतात, आणि कॅलिब्रेशनची (ज्ञात द्रावणांवरून काढलेली) रेषा मात्र सरळच येते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. घन पर्क्लोरेट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ते सेंद्रिय द्रव्ये, कागद आणि धातूची पूड यांच्यापासून दूर ठेवा. वजन करण्याचे कामही नमुन्यांच्या खोलीत करू नका.

मूळ द्रावण १ मिलि घेऊन १०० मिलि करा (१० मिलिग्रॅम प्रति लिटर), त्यातले १ मिलि पुन्हा १०० मिलि करा (१०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर). यातून ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १, २.५, ५, १०, २५ आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर असे बिंदू बनवा. दुसऱ्या कंपनीचे किंवा दुसऱ्या लॉटचे द्रावण घेऊन एक तपासणी-स्टँडर्ड वेगळे बनवा. मूळ द्रावणातली चूक फक्त तेच पकडते.

इंटर्नल स्टँडर्ड ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरचे बनवा. पर्क्लोरेटमधला ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनशी सहजासहजी अदलाबदल करत नाही, म्हणून ऑक्सिजन-१८ चे चिन्ह पाण्यात टिकते. नवी बाटली उघडली की नुसते इंटर्नल स्टँडर्ड इंजेक्ट करून त्यात साधे पर्क्लोरेट किती आहे ते पाहून घ्या.

४. इल्युएंट

इल्युएंट म्हणजे कॉलममधून सतत वाहणारा द्रव. इल्युएंट जनरेटर असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड मशीनच बनवते आणि निम्मी डोकेदुखी जाते. हाताने बनवणार असाल तर सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वापरू नका, त्यांच्यावर कार्बोनेटचा थर असतो. ५० टक्के वजनाचे तयार द्रावण घ्या, बाटली हलवू नका आणि मधल्या थरातून काढा, कारण कार्बोनेट तळाशी बसलेले असते. ५० मिलिमोलरसाठी असे द्रावण ४.०० ग्रॅम वजन करून, हवा काढलेल्या एका लिटर पाण्यात मिसळा. ते घट्ट असते, त्यामुळे पिपेटने मोजण्यापेक्षा वजन केलेले बरे. लगेच नायट्रोजनखाली ठेवा. उघड्या बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो, बेसलाइन चढत जाते आणि रिटेन्शन टाइम दिवसागणिक सरकतो.

५. नमुना तयार करणे

लघवी पूर्ण वितळू द्या आणि खोलीच्या तापमानाला आणा. थंड लघवीत युरेट आणि फॉस्फेटचा गाळ बसलेला असतो. नीट ढवळा, मग ३००० जी वेगाने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा.

वरचे ५०० मायक्रोलिटर घ्या आणि त्यात इंटर्नल स्टँडर्डचे ५०० मायक्रोलिटर घाला. व्हॉर्टेक्स करा, फिल्टर करा, पहिले काही थेंब टाकून द्या आणि मग व्हायल भरा. कॅलिब्रेशनचे बिंदू, ब्लँक आणि संदर्भ द्रव्य यांनाही अगदी हेच करा: ५०० अधिक ५००. असे केले की आलेला आकडा थेट मूळ लघवीतला आकडा असतो. इथे नवशिके हमखास एक चूक करतात: स्टँडर्डही अर्धे पातळ केलेले असताना निकालाला पुन्हा दोनने गुणतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डायल्युशन फॅक्टर १ आहे की २, हे बॅच सुरू करण्याआधी बघा.

आईच्या दुधासाठी एवढ्यावर भागत नाही. त्यातली प्रथिने आणि चरबी कॉलमवर गेली तर गार्ड कॉलम काही दिवसांत बाद होतो. १ मिलि दुधात आधी इंटर्नल स्टँडर्ड घाला, तेही सगळ्यात पहिले, म्हणजे पुढे काही गमावले तरी त्याचा हिशेब आपोआप होतो. मग ३ मिलि ॲसिटोनायट्राइल घालून मिनिटभर व्हॉर्टेक्स करा, दहा मिनिटे थांबा, ४००० जी वेगाने थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटे फिरवा. वरचा द्रव काढून नायट्रोजनच्या झोतात ॲसिटोनायट्राइल उडवा, पाण्याने पुन्हा १ मिलि करा आणि फिल्टर करा. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या नळ्या वापरणार असाल तर त्यांचे पडदे आधी पाण्याने दोनदा धुवा, कारण त्यांवर ग्लिसरीन असते.

सगळे नमुने संसर्गजन्य आहेत असे धरूनच हाताळा. नायट्राइलच्या हातमोज्यांतून नायट्रेट सुटते. पर्क्लोरेटला त्याची बाधा नाही, पण त्याच धावेत नायट्रेटही मोजायचे असेल तर नळीच्या तोंडाला बोट लावू नका.

६. कॉलम, सप्रेसर आणि वळण-झडप

इंजेक्शन जितके मोठे तितका सिग्नल मोठा, हा विचार इथे उलटतो. २ × २५० मिमीच्या एएस१६ कॉलमची क्षमता सुमारे ४२ मायक्रोइक्विव्हॅलंट (आयनांच्या विद्युतभाराचे माप) आहे. निम्म्या पातळ केलेल्या लघवीत क्लोराइड साधारण ७५ मिलिमोलर धरले, तर १०० मायक्रोलिटरच्या इंजेक्शनमधून नुसते क्लोराइडच ७.५ मायक्रोइक्विव्हॅलंट जाते, म्हणजे कॉलमचा सहावा हिस्सा मिठानेच भरतो. मग मीठ स्वतःच इल्युएंटसारखे वागते, पर्क्लोरेट लवकर बाहेर पडते आणि पीक पसरते. २५ मायक्रोलिटरवर हाच भार २ च्या आत राहतो. सुरुवात २५ नेच करा.

५० मिलिमोलर हायड्रॉक्साइड, ०.३ मिलि प्रति मिनिट, कॉलमचे तापमान ३० अंशांवर स्थिर. क्लोराइड, सल्फेट, फॉस्फेट आधी येतात, आयोडाइड आणि थायोसायनेट मध्ये, पर्क्लोरेट शेवटी.

सप्रेसर हायड्रॉक्साइडचे पाणी करतो. ते झाले नाही तर मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडावर क्षार साचतील. इलेक्ट्रोलिटिक सप्रेसरला स्थिर प्रवाह द्यायचा असेल तर मिलिअँपियरमधला आकडा म्हणजे प्रवाहाचा वेग गुणिले मिलिमोलर गुणिले २.४७, इथे ०.३ × ५० × २.४७ = ३७.०५, म्हणून ३८ ठेवा. जास्त दिला की गोंगाट वाढतो आणि सप्रेसर लवकर जातो, कमी दिला की क्षार पुढे निसटतो. सप्रेसरच्या पुनरुज्जीवनासाठी बाहेरचे पाणी वेगळ्या पंपाने द्या. दोन गोष्टी कधीच करू नका: पंप बंद असताना सप्रेसर चालू ठेवणे, आणि सप्रेसरनंतरच्या बारीक नळ्यांमुळे त्याच्यावर १०० पीएसआयपेक्षा जास्त दाब येऊ देणे. त्याचे पडदे फाटतात.

सप्रेसर आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्यामध्ये वळण-झडप बसवा. पर्क्लोरेट येण्याच्या दोन मिनिटे आधीपर्यंतचे सगळे कचऱ्यात सोडा. वेळ ठरवताना शुद्ध पाण्यातल्या स्टँडर्डवर विसंबू नका. सगळ्यात खारट लघवीत पर्क्लोरेट लवकर येते, तिच्यावर वेळ बसवा. झडपेनंतर एका टी-जोडणीतून ०.२ ते ०.३ मिलि प्रति मिनिट ९० टक्के ॲसिटोनायट्राइल मिसळले की फवारा स्थिर होतो. हे सप्रेसरनंतरच मिसळायचे, आधी नाही.

७. मास स्पेक्ट्रोमीटर

ऋण आयन, इलेक्ट्रोस्प्रे. तीन संक्रमणे (आयनाचे वस्तुमान → तो फुटल्यावरच्या तुकड्याचे वस्तुमान) ठेवा:
- ९९ → ८३: क्लोरीन-३५ चे पर्क्लोरेट, मुख्य आकडा यावर
- १०१ → ८५: क्लोरीन-३७ चे पर्क्लोरेट, खात्रीसाठी
- १०७ → ८९: चिन्हांकित इंटर्नल स्टँडर्ड

तिन्हींत एक ऑक्सिजन निघून जातो. तिसऱ्यात तो १८ वस्तुमानाचा असतो. कोलिजन एनर्जी आणि शंकूचा व्होल्टेज ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटरचे द्रावण थेट सोडून तुमच्याच मशीनवर ठरवा. दुसऱ्याच्या मशीनचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

सल्फेटचा धोका इथेही संपत नाही. गंधक-३४ असलेले हायड्रोजन सल्फेट ९९ वरच येते आणि त्याचा तुकडा ८२ वर पडतो, ८३ च्या अगदी शेजारी. रिझोल्यूशन सैल असेल तर तो तुमच्या खिडकीत घुसतो. म्हणून कॉलमवर सल्फेट वेगळे होणे अत्यावश्यक आहे, मशीन कितीही निवडक असो.

८. बॅचचा क्रम

दोन-तीन लघव्या नुसत्या कॉलम रुळण्यासाठी सोडा. मग पाण्याचा ब्लँक, कॅलिब्रेशन कमी ते जास्त, पुन्हा ब्लँक. ५० च्या स्टँडर्डनंतरच्या या ब्लँकमध्ये पीक दिसले तर कॅरीओव्हर आहे, म्हणजे आधीच्या इंजेक्शनचा अंश मागे राहिला आहे. आधी सुई आणि लूप धुण्याचा कार्यक्रम सुधारा. त्यानंतर तपासणी-स्टँडर्ड, संदर्भ द्रव्य, कमी आणि जास्त पातळीची गुणवत्ता-लघवी, आणि मग नमुने. दर दहा नमुन्यांनंतर एक ब्लँक आणि एक मधला स्टँडर्ड. प्रत्येक बॅचमध्ये एका नमुन्यात ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर पर्क्लोरेट मुद्दाम घालून रिकव्हरी (घातलेल्यातले किती परत मोजले गेले) पाहा, आणि एक नमुना दोनदा चालवा.

गुणवत्ता-लघवी म्हणजे अनेकांची एकत्र केलेली लघवी, छोट्या नळ्यांत गोठवलेली. एकदाच भरपूर बनवा, वर्षभर पुरेल एवढी.

९. पीक स्वीकारायचे की नाकारायचे

प्रत्येक नमुन्यात तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेवर सोडू नका.

पहिली, पर्क्लोरेट आणि इंटर्नल स्टँडर्ड एकाच वेळी आले का. फरक दोन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते पीक पर्क्लोरेटचे नाही.

दुसरी, ९९ आणि १०१ च्या पीकचे गुणोत्तर. क्लोरीनची समस्थानिके निसर्गात ७५.८ आणि २४.२ टक्के असतात, म्हणून ते ३.१ च्या आसपास हवे, २५ टक्के इकडे-तिकडे चालते. गुणोत्तर वर गेले तर बहुधा सल्फेट घुसले आहे, कारण ते ९९ ला फुगवते आणि १०१ ला जवळजवळ हात लावत नाही.

तिसरी, इंटर्नल स्टँडर्डचे क्षेत्रफळ. कॅलिब्रेशनमधल्या सरासरीच्या निम्म्याहून खाली गेले तर आकडा गणिताने बरोबर येईलही, पण संवेदनशीलता गेलेली असते. तो नमुना पाच पट पातळ करून पुन्हा चालवा. खारट लघवीत हे नेहमी घडते.

१०. हिशेब आणि अहवाल

पर्क्लोरेट आणि इंटर्नल स्टँडर्डच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर घ्या आणि रेषेला १/एक्स भारांकन द्या, म्हणजे कमी पातळीच्या बिंदूंना जास्त वजन मिळते. भारांकन नसेल तर ५० चा बिंदू रेषा स्वतःकडे ओढतो आणि ०.१ चा बिंदू वाऱ्यावर राहतो. सर्वांत खालचा बिंदू रेषेवरून परत काढल्यावर २० टक्क्यांच्या आत यायला हवा. येत नसेल तर तो बिंदू काढा आणि अहवालाची खालची मर्यादा वर न्या.

शोधमर्यादेसाठी (ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी पातळीसाठी) मर्यादेजवळच्या पातळीचे सात नमुने सुरुवातीपासून तयार करा आणि मोजा; प्रमाण विचलन गुणिले ३.१४३. एकच व्हायल सात वेळा इंजेक्ट करून हा आकडा काढू नका, तो फक्त मशीनचा आकडा असतो, तुमच्या हातांचा नाही. ब्लँकमध्ये कायम थोडे पर्क्लोरेट येत असेल तर मर्यादा ब्लँकवरूनही काढा आणि दोन्हींतली मोठी धरा.

लघवी दाट-पातळ असते म्हणून निकाल क्रिएटिनिनवरही द्या. पर्क्लोरेट ३.६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि क्रिएटिनिन १.२ ग्रॅम प्रति लिटर असेल तर ३.० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन. दोन्ही आकडे लिहा. मर्यादेखालच्या नमुन्याला शून्य लिहू नका. "मर्यादेपेक्षा कमी" लिहा आणि मर्यादा किती तेही लिहा.

बिघाड झाला तर कुठे बघायचे

रिटेन्शन टाइम सगळ्याच इंजेक्शनांत हळूहळू कमी होत असेल तर इल्युएंटमध्ये कार्बोनेट वाढले आहे किंवा कॉलमची क्षमता घटते आहे. ताजे इल्युएंट लावूनही फरक पडला नाही तर कॉलम. फक्त काही नमुन्यांतच कमी होत असेल तर ते नमुने खारट आहेत, कॉलमला दोष देऊ नका.

दाब वाढला की आधी गार्ड कॉलम काढून पाहा. तो काढल्यावर दाब उतरला तर नवा लावा. मुख्य कॉलम वाचला. मुख्य कॉलम धुवायची वेळ आलीच तर सप्रेसर आणि मास स्पेक्ट्रोमीटर आधी सोडवून घ्या आणि कॉलममधून येणारा द्रव थेट कचऱ्यात जाऊ द्या, नाहीतर सुटलेली घाण सप्रेसरच्या पडद्यांत बसेल.

सगळ्या ब्लँकमध्ये सारखे पीक येत असेल तर पाणी किंवा इंटर्नल स्टँडर्ड. एखाद्याच ब्लँकमध्ये येत असेल तर बाटली, पिपेट किंवा शेजारचे टेबल. फवारा अधूनमधून थरथरत असेल तर ॲसिटोनायट्राइलच्या पंपात हवा अडकली आहे का ते पाहा, आणि सप्रेसरमधून वायूचे बुडबुडे पुढे येत नाहीत ना तेही.

बॅच संपल्यावर इल्युएंट चालू असतानाच सप्रेसर बंद करा, मग पंप. आठवडाभर मशीन वापरणार नसाल तर सप्रेसरच्या दोन्ही बाजूंना पाणी भरून तोंडे बंद करा. पडदे सुकले की पुन्हा कामाचे राहत नाहीत. कॉलम मात्र पाण्यात ठेवू नका, इल्युएंटमध्येच बंद करा.